अक्षतंतूतला आवेग आणि त्याची समीकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अवकल समीकरणांवर, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्सवर काम करते, आणि त्यातही चेतापेशींच्या लांब तारांतून, म्हणजे अक्षतंतूंतून, धावणाऱ्या विजेच्या आवेगाच्या समीकरणांवर. व्याख्यानानंतर, प्रवासात, लग्नकार्यात जे प्रश्न हटकून येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. अकरावी-बारावीचं गणित आठवत असेल तर उत्तम. नसेल तरी बहुतेक उत्तरं वाचता येतील.

तुम्ही गणिताच्या की जीवशास्त्राच्या?

गणिताच्या. माझ्याकडे सूक्ष्मदर्शक नाही, प्राणी नाहीत, रसायनांच्या बाटल्या नाहीत. जीवभौतिकीतल्या लोकांनी प्रयोगांवरून मांडलेली समीकरणं मी घेते आणि त्यांना काही ठरलेले प्रश्न विचारते. उत्तर अस्तित्वात आहे का? एकच आहे की अनेक? किंचित धक्का दिला तर ते टिकतं की विस्कटतं? एखादा आकडा जरासा बदलला तर वागणूकही जराशीच बदलते, की एका क्षणी सगळा नूर पालटतो?

समीकरण लिहून झालं की काम संपलं असं पुष्कळांना वाटतं. माझं काम तिथे सुरू होतं.

चेतापेशीसाठी अवकल समीकरणच का लागतं?

आत्ता काय स्थिती आहे यावरून पुढच्या क्षणी काय होईल, हे सांगण्याची दुसरी सोय नाही म्हणून. पेशीच्या पटलावरचा व्होल्टेज बदलला की आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, वाटा उघडतात किंवा मिटतात. वाटा उघडल्या-मिटल्या की आयनांचा प्रवाह बदलतो, आणि प्रवाह बदलला की पुन्हा व्होल्टेज. कारण आणि परिणाम एकमेकांच्या शेपटीला धरून फिरतात. नुसत्या शब्दांत याचा पाठलाग करायला गेलं की तिसऱ्या वाक्यात गोंधळ होतो.

ही समीकरणं कुणी शोधली?

केंब्रिजच्या ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी. प्रयोग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत झाले. १९३९ च्या उन्हाळ्यात त्यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूत बारीक इलेक्ट्रोड सरकवून आवेग पहिल्यांदा पेशीच्या आतून मोजला. त्यांना दिसलं ते तेव्हाच्या समजुतीत बसत नव्हतं. आवेगाच्या वेळी पटलाचा व्होल्टेज शून्यावर येऊन थांबेल अशी अपेक्षा होती. तो शून्य ओलांडून चांगलाच वर गेला. असं का होतं हे पुढे तपासायच्या आत महायुद्ध सुरू झालं आणि दोघेही युद्धकामात गेले.

युद्धानंतर अमेरिकेत केनेथ कोल यांनी एक युक्ती पुढे आणली: व्होल्टेज क्लॅम्प. इलेक्ट्रॉनिक फीडबॅकने पटलाचा व्होल्टेज हव्या त्या पातळीवर घट्ट धरून ठेवायचा आणि तो तिथे टिकवायला किती प्रवाह द्यावा लागतो ते मोजायचं. शेपटीला धरून फिरणाऱ्या त्या चक्रातला एक दुवा असा बांधून टाकला की बाकीचे मोजता येतात. हॉजकिन आणि हक्सली यांनी ही युक्ती सुधारून वापरली; काही प्रयोगांत बर्नार्ड कात्झ सोबत होते. समुद्राच्या पाण्यातलं सोडियम काढून त्याजागी कोलीन घातलं की सोडियमचा प्रवाह नाहीसा होतो, उरतो तो मुख्यतः पोटॅशियमचा. दोन्ही नोंदींची वजाबाकी केली की सोडियमचा वाटा हाती येतो. १९५२ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त त्यांचे पाच लेख आले, शेवटच्या लेखात समीकरणं आहेत. १९६३ चं नोबेल त्यांना जॉन एकल्स यांच्यासोबत मिळालं.

मला या हकिकतीत नोबेलपेक्षा ती वजाबाकी जास्त आवडते.

स्क्विडच का? उंदीर का नाही?

आकारामुळे. आपल्या अक्षतंतूंची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. स्क्विडचा महाअक्षतंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि त्यात तार सरकवता येते. धोका दिसला की स्क्विड अंगातलं पाणी जोरात बाहेर फेकून निसटतो, त्या हालचालीचा हुकूम हा तंतू नेतो. कोकणच्या बाजारात माकूल मिळते ती याच भाऊबंदांतली. जे. झी. यंग यांनी १९३६ च्या सुमारास या तंतूकडे लक्ष वेधलं नसतं, तर माझा हा विषय कदाचित बराच उशिरा जन्माला आला असता.

समीकरणात नेमकं काय आहे? घाबरवू नका.

मुख्य समीकरण विजेच्या हिशेबाचं आहे. पेशीचं पटल म्हणजे एक धारित्र, कपॅसिटर. स्क्विडमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड. त्यावरचा व्होल्टेज किती वेगाने बदलेल हे बाहेरून दिलेला प्रवाह वजा तीन आयनप्रवाह यावरून ठरतं. ते तीन म्हणजे सोडियमचा, पोटॅशियमचा आणि उरलासुरला गळतीचा. प्रत्येक प्रवाह म्हणजे ‘वाट किती मोकळी आहे’ गुणिले ‘व्होल्टेज त्या आयनाच्या समतोलापासून (ज्या व्होल्टेजला त्याचा प्रवाह थांबतो तिथपासून) किती दूर आहे’. स्क्विडमध्ये पोटॅशियमचा समतोल उणे ७७ मिलिव्होल्टच्या आसपास, सोडियमचा अधिक ५० च्या आसपास, आणि पेशीची विश्रांती उणे ६५ च्या आसपास धरतात. ज्या आयनाची वाट जास्त मोकळी, तो व्होल्टेजला आपल्या समतोलाकडे ओढतो. आवेग म्हणजे सोडियमने एकदा वर ओढणं आणि पोटॅशियमने परत खाली आणणं. स्क्विडमध्ये हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं.

वाट किती मोकळी आहे हे सांगायला तीन चलं आहेत, एम, एच आणि एन. तिन्ही ० ते १ च्या दरम्यान राहतात. एम झटकन वाढतं आणि सोडियमची वाट उघडतं. एच सावकाश घटतं आणि तीच वाट पुन्हा बंद करतं. एनही सावकाश वाढतं आणि पोटॅशियमची वाट उघडतं. सोडियमची वाट एमचा घन गुणिले एच या प्रमाणात मोकळी असते, पोटॅशियमची एनच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. या तिघांची तीन समीकरणं आणि व्होल्टेजचं एक, अशी एकूण चार.

ही झाली तंतूच्या एका ठिकाणची गोष्ट. आवेग तंतूभर धावतो, म्हणून व्होल्टेजच्या समीकरणात अंतराचं एक पद जोडावं लागतं, आणि ते आंशिक अवकल समीकरण होतं. हे पद मूळ जीवशास्त्राचं नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५५ मध्ये समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलमधून संदेश कसा पसरत जातो याचं गणित केलं होतं, ते हेच. फरक एवढा की केबलमधला संदेश अंतराबरोबर फिका पडत जातो. अक्षतंतूत सोडियमची वाट त्याला जागोजागी नवं बळ देते.

एनचा चौथाच घात का? तिसरा किंवा सहावा का नाही?

प्रयोगातल्या वक्राशी चार जुळला म्हणून. पाचवा किंवा सहावा घात आणखी बरा जुळला असता, पण त्या सुधारणेसाठी वाढीव गुंतागुंत पत्करण्यात अर्थ वाटला नाही, असं त्यांनी मूळ लेखातच नोंदवून ठेवलं आहे. इतका प्रांजळपणा आजच्या लेखांत क्वचित दिसतो.

पुढचा भाग गमतीचा आहे. १९५२ मध्ये या वाटा नेमक्या कशाच्या आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९७६ मध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी एकेका आयनमार्गातून जाणारा प्रवाह मोजून दाखवला. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने एका जिवाणूतल्या पोटॅशियम मार्गाच्या प्रथिनाची रचना उलगडली. तो चार सारख्या तुकड्यांचा बनलेला निघाला. विद्यार्थी हे ऐकून टाळ्या वाजवतात. मी त्यांना थोडं थांबवते. सोडियमच्या बाबतीत हिशेब इतका सरळ बसत नाही. समीकरणात एम आणि एच एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, प्रत्यक्षातलं बंद होणं मात्र उघडण्याशी जोडलेलं आहे. समीकरणातलं चल आणि प्रथिनातला तुकडा यांचं एकास एक नातं लावायला जाऊ नये.

कॉम्प्युटर नसताना त्यांनी हे सोडवलं कसं?

हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर. केंब्रिजचा एडसॅक कॉम्प्युटर तेव्हा दुरुस्तीसाठी कित्येक महिने बंद राहणार होता, म्हणून हक्सली १९५१ मध्ये स्वतः हँडल फिरवत बसले. एका ठिकाणच्या आवेगाला दिवस लागायचे, धावणाऱ्या आवेगाला आठवडे.

धावणाऱ्या आवेगात आणखी एक अडचण होती: वेग आधीच माहीत असावा लागतो. म्हणून वेगाचा अंदाज घ्यायचा आणि गणित पुढे न्यायचं. अंदाज थोडा जरी चुकला तरी उत्तरातला व्होल्टेज अनंताकडे पळतो, चूक एका बाजूची असेल तर वर, दुसऱ्या बाजूची असेल तर खाली. मग अंदाज सुधारून पुन्हा पहिल्यापासून. असं करत वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर. त्याच तंतूवर प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२ मीटर. समीकरणातले आकडे सगळे व्होल्टेज क्लॅम्पच्या नोंदींतून घेतले होते, म्हणजे जिथे काहीच धावत नाही अशा प्रयोगांतून. त्यातून धावण्याचा वेग इतका जवळ यावा, हे मी आजही विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा जरा दम घेते.

आता तर कॉम्प्युटर हे क्षणात सोडवतो. मग गणितज्ञ हवेत कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

कॉम्प्युटर तुम्ही दिलेल्या सुरुवातीपासून पुढे काय होतं ते दाखवतो. जे टिकत नाही ते तो सहसा दाखवतच नाही, आणि ज्या सुरुवातीची तुम्हाला कल्पनाच सुचली नाही तिथे तो आपणहून जात नाही. दोन उदाहरणं देते.

पहिलं धावणाऱ्या आवेगाचं. १९५९ मध्ये हक्सलींना त्याच समीकरणांत दुसराही एक आवेग सापडला, कमी उंचीचा आणि संथ. प्रयोगात तो दिसत नाही, कारण तो अस्थिर आहे. जरा वर ढकलला तर मोठा होऊन नेहमीचा वेगवान आवेग बनतो, जरा खाली ढकलला तर विझतो. म्हणजे तो ‘पेटणं’ आणि ‘विझणं’ यांच्या बरोबर सीमेवर उभा आहे. चेतापेशीला उंबरठा असतो असं आपण शाळेत शिकतो. धावणाऱ्या आवेगासाठी तो उंबरठा गणितात या संथ आवेगाच्या रूपाने सापडतो.

पण ‘कॉम्प्युटरवर दिसला’ आणि ‘आहे’ यांत फरक आहे. आवेग ठरावीक वेगाने, आकार न बदलता धावतो असं धरलं की आंशिक समीकरणाचं साधं अवकल समीकरण होतं. मग प्रश्न असा उरतो: विश्रांतीच्या बिंदूतून निघून, मोठा वळसा घेऊन, परत त्याच बिंदूला येऊन मिळणारा मार्ग आहे का? स्टुअर्ट हेस्टिंग्ज आणि गेल कार्पेंटर यांनी १९७० च्या दशकात अशा समीकरणांसाठी हे सिद्ध केलं. स्थिरतेचा प्रश्न याहून अवघड निघाला. जॉन इव्हान्स यांनी १९७२ ते १९७५ मध्ये अक्षतंतूच्या समीकरणांवर चार लेख लिहिले आणि सगळा प्रश्न एका फलनाच्या, म्हणजे फंक्शनच्या, शून्यांवर आणून ठेवला. संमिश्र प्रतलाच्या उजव्या अर्ध्या भागात त्या फलनाचं एकही शून्य नसेल तर आवेग टिकतो, असेल तर नाही. आरंभबिंदूवर मात्र एक शून्य नेहमी असतंच, कारण आवेग तंतूवर थोडा पुढे सरकवला तरी तोही तितकंच खरं उत्तर असतो. हे तंत्र वापरून क्रिस्टोफर जोन्स यांनी १९८४ मध्ये सोप्या केलेल्या समीकरणांतला वेगवान आवेग स्थिर असल्याचं सिद्ध केलं. आज ‘इव्हान्स फलन’ चेतापेशींच्या पलीकडे ज्वाला, प्रकाशस्पंद, प्रवाही पदार्थांतल्या लाटा अशा अनेक ठिकाणी वापरतात. स्क्विडपासून निघालेलं गणित असं दूरवर गेलं.

दुसरं उदाहरण माझं जास्त आवडतं आहे. तंतूच्या तुकड्याला सतत एकसारखा प्रवाह देत राहिलो तर काय होतं? प्रवाह कमी असेल तर पेशी गप्प, पुरेसा असेल तर आवेगांमागून आवेग. हॉजकिन-हक्सली समीकरणांत, ६.३ अंश सेल्सिअस तापमानाला, विश्रांतीची स्थिती सुमारे ९.८ मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत स्थिर राहते. पण आवेगांची मालिका त्याआधीच, सुमारे ६.३ पासून शक्य होते (तापमानही ६.३ अंश, हा निव्वळ योगायोग). म्हणजे मधल्या पट्ट्यात एकाच प्रवाहाला दोन्ही वागणुकी स्थिर आहेत; पेशी गप्पही राहू शकते आणि धडधडतही राहू शकते. कुठली स्थिती वाट्याला येईल ते तिच्या पूर्वेतिहासावर ठरतं. यातून एक विलक्षण भाकीत निघतं: धडधडणाऱ्या पेशीला नेमक्या क्षणी नेमका छोटा धक्का दिला, तर ती गप्प होईल आणि गप्पच राहील. १९८० मध्ये रिटा गटमन, स्टीफन लुईस आणि गणितज्ञ जॉन रिन्झेल यांनी कमी कॅल्शियमच्या द्रावणात ठेवलेल्या स्क्विडच्या तंतूवर हे प्रत्यक्ष करून दाखवलं.

कुठे काय शोधायचं हे समीकरणाच्या अभ्यासाने सांगितलं, म्हणून तो प्रयोग सुचला.

चार समीकरणांची दोन केली म्हणतात, ती भानगड काय?

रिचर्ड फिट्झह्यू यांनी १९६१ मध्ये एक निरीक्षण वापरलं. चार चलांपैकी व्होल्टेज आणि एम चपळ आहेत, एच आणि एन संथ. मग एक चपळ आणि एक संथ, अशी दोनच चलं ठेवून आवेगाचा सांगाडा तरी पकडता येईल का? आला. १९६२ मध्ये जपानच्या जिनिची नागुमो आणि सहकाऱ्यांनी टनेल डायोड वापरून त्याचं विजेचं मंडलही बांधलं. दोन चलं असली की सगळं एका कागदावर काढता येतं: एक तिहेरी वळणाचा वक्र, एक सरळ रेषा आणि त्यांच्याभोवती फिरणारा बिंदू. चार मितींत डोळा पोचत नाही, दोन मितींत पोचतो. याची किंमत अशी की मिलिव्होल्ट, मिलिसेकंद सगळं हरवतं. डॉक्टरला याचा उपयोग नाही, गणितज्ञाला मात्र सोन्याची खाण.

दोन आवेग समोरासमोरून आले तर?

दोन्ही विझतात. फटाक्याची वात दोन्ही टोकांनी पेटवली तर मधे ठिणग्या भेटतात आणि संपतात, कारण दोघींच्याही मागे जळायला काही उरलेलं नसतं. तंतूत आवेग गेल्यावर मागचा भाग थोडा वेळ पुन्हा पेटू शकत नाही. वातीपेक्षा फरक एवढाच की काही मिलिसेकंदांत तो परत तयार होतो. वात काडीने पेटवली की मेणबत्तीने, यावर जळण्याचा वेग ठरत नाही, तेही इथे लागू आहे.

याला लागून ‘सॉलिटॉन’बद्दल, म्हणजे आकार न बदलता धावणाऱ्या एकट्या लाटेबद्दल, विचारलं जातं. २००५ मध्ये कोपनहेगनच्या थॉमस हाइमबर्ग आणि अँड्र्यू जॅक्सन यांनी मांडलं की आवेग ही मुळात पटलातली यांत्रिक लहर आहे. सॉलिटॉन एकमेकांतून आरपार जातात, त्यामुळे कल्पना तपासता येण्याजोगी आहे. आवेगाबरोबर तंतू किंचित फुगतो आणि उष्णतेची देवघेव होते हे खरं आहे, आणि १९५२ च्या समीकरणांत ते नाही. पण सोडियमचा मार्ग अडवला की आवेग थांबतो, याचं सरळ स्पष्टीकरण मला अजून आयनांच्या समीकरणांतच दिसतं.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि तो विंचवाचा आहे.

कोकणातल्या लाल विंचवाच्या विषात सोडियम मार्गांवर काम करणारी विषद्रव्यं असतात. ती उघडलेली वाट वेळेवर बंद होऊ देत नाहीत. समीकरणाच्या भाषेत एच हे चल घटायला हवं तसं घटत नाही. कॉम्प्युटरवर एचची घट मंद करून पाहा. आवेगाचं टोक चपटं होऊन लांबतं, व्होल्टेज लवकर खाली येत नाही. शरीरात याचा अर्थ असा की स्वायत्त चेतासंस्थेच्या तंतूंतून आज्ञांचा पूर सुटतो, ॲड्रेनालिनसारखी रसायनं रक्तात उसळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. लहान मुलं यात दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या रुग्णांना देऊन मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन एचला हातही लावत नाही. ते पुढच्या टप्प्यावर, रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम अडवतं. आणि हे डॉक्टरांना रुग्णाच्या उशाशी बसून उमगलं, समीकरणावरून नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण गणिताच्या व्याख्यानांत असं श्रेय हळूच आपल्याकडे ओढून घ्यायची खोड असते.

त्याच विंचवाच्या विषात आयबेरियोटॉक्सिन नावाचं दुसरं द्रव्य आहे, ते एका प्रकारचे पोटॅशियम मार्ग अडवतं. जगभरच्या प्रयोगशाळांत ते मापनासाठी वापरतात.

जीवभौतिकीच्या कुंपणाबाहेर गेलं तर आणखी एक धागा आहे. साथीच्या रोगांचं आज सर्वत्र वापरलं जाणारं अवकल समीकरणांचं मॉडेल कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलं, तेव्हा तपासणीसाठी त्यांनी मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचे आकडे वापरले होते.

दाताच्या डॉक्टरकडची भूल यातच येते का?

हो. लिडोकेन सोडियमची वाट अडवतं, आवेग तिथून पुढे जात नाही, मेंदूला दुखणं कळत नाही. फुगू माशाचं विषही त्याच वाटेवर बसतं, पण ते जीव घेऊ शकतं.

हृदयालाही हीच समीकरणं लागू पडतात?

हीच नाहीत, त्यांच्या पोटातून आलेली. लंडनमध्ये संशोधन करणाऱ्या तरुण डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये पोटॅशियमचा भाग बदलून हृदयातल्या पुर्किंजे तंतूंसाठी समीकरणं मांडली. चेतापेशीचा आवेग एखाद-दोन मिलिसेकंदांचा, हृदयाचा काही शे मिलिसेकंदांचा. व्होल्टेज वरच टिकून राहण्याचं हे लांब पठार कसं तयार होतं हे त्यातून दिसलं. आज हृदयाच्या पेशीची मॉडेल्स कित्येक डझन चलांची असतात.

इथे गणित आणखी रंगतं. तंतू म्हणजे एक रेषा, हृदयाची भिंत म्हणजे पत्रा, किंबहुना जाड पत्रा. पत्र्यावर लाट एखाद्या अडथळ्याला वळसा घालून स्वतःचीच शेपटी पकडू शकते आणि भोवऱ्यासारखी गरगरत राहते. जागच्या जागी फिरणाऱ्या अशा लाटा जीवघेण्या अनियमित ठोक्यांच्या मुळाशी असतात. एका रेषेवरच्या आवेगाची स्थिरता आपल्याला समजली आहे. भोवऱ्याच्या टोकाची, तेही त्रिमितीत, म्हणावी तशी समजलेली नाही. सध्या माझा बराच वेळ तिथे जातो.

मॉडेलमध्ये काय नाही?

पुष्कळ काही. आयनमार्ग प्रत्यक्षात सुटे-सुटे असतात आणि अधूनमधून आपोआप उघडमीट करतात. समीकरणात त्यांची गुळगुळीत सरासरी आहे. बारीक तंतूंत मार्गांची संख्या कमी असते, तिथे ही सरासरी डळमळते आणि संभाव्यतेचं गणित आणावं लागतं. चेतापेशीच्या फांद्यांचं जाळं त्यात नाही. ते काम विल्फ्रिड रॉल यांनी केबलच्या समीकरणावरून पुढे नेलं. आपल्या शरीरातल्या अनेक तंतूंवर मायलिनचं आवरण असतं आणि आवेग एका पेऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. तिथे समीकरणही तुकड्यातुकड्यांचं होतं. आणि एका पेशीची समीकरणं कळली म्हणजे मेंदू कळला असं म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा.

आता एआय आहे. तो डेटावरून परस्पर समीकरण शोधेल ना?

काही प्रमाणात शोधतोच, आणि मीही ती साधनं वापरते. पण वर सांगितलेला संथ आवेग आठवा. तो अस्थिर असल्यामुळे मोजलेल्या डेटात जवळजवळ येतच नाही.

माझ्या मुलाला या विषयात यायचं आहे. काय शिकावं?

रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणं पक्की, वास्तव आणि संमिश्र विश्लेषण, थोडं प्रोग्रॅमिंग. जीवशास्त्र नंतर शिकता येतं, पण शिकावं लागतंच. प्रयोग करणाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता आलं नाही तर या विषयात माणूस एकटा पडतो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत गणित आणि जीवशास्त्र एका छताखाली शिकता येतं. बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र. चेतापेशींच्या गणनेसाठी ‘मूस’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर तिथे विकसित झालं आहे. नोकरीचं विचाराल तर जागा कमी आहेत. मुलाला हे आधीच सांगा.

घरच्या घरी काही करून पाहता येईल?

नक्की. फिट्झह्यूची दोन समीकरणं एक्सेलमध्येसुद्धा चालतात. व हा व्होल्टेजच्या जागी, र हा संथ चलाच्या जागी:

व बदलण्याचा वेग = व − (व × व × व) ÷ ३ − र + प्रवाह

र बदलण्याचा वेग = ०.०८ × (व + ०.७ − ०.८ × र)

काळाची पायरी ०.१ घ्या. प्रत्येक ओळीत जुन्या किमतीत वेग गुणिले ०.१ मिळवत जा. हजार-दोन हजार ओळी पुरतात. सुरुवात व = −१.२ आणि र = −०.६२ वर करा, प्रवाह शून्य ठेवा: काहीच होणार नाही. मग सुरुवातीचा व बदलून −१ करा. तो निमूटपणे परत जाईल. −०.५ करा, पूर्ण आवेग उमटेल. आता सुरुवात पहिल्यासारखी ठेवून प्रवाह वाढवत न्या. ०.२ ला एकच आवेग उमटून मग शांतता, ०.५ ला आवेगांची रांग. आणि २ केला तर? एक उसळी मारून व १.३ च्या आसपास जाऊन बसतो, धडधड बंद. जास्त प्रवाह दिल्यावर पेशी गप्प का झाली, हे दोन्ही वेग शून्य करणारे वक्र एकाच आलेखावर काढून शोधा. सरळ रेषा तिहेरी वळणाच्या वक्राला कुठे छेदते ते प्रवाहाच्या तिन्ही किमतींना पाहा. उत्तर तिथेच आहे.